रक्त आता कुठे पोचलं असेल

५ सप्टेंबर

भेटेल तो विचारतो, "म्हणजे डॉक्टर होणार तू?" नाही. "मग कंपाउंडर?" नाही. "मग शिकतोस तरी काय?" मग मी सांगतो की आजार शरीरात नेमका कसा घडतो, आणि तो रक्तात, लघवीत, मांसाच्या एवढ्याशा तुकड्यात कसा ओळखायचा, ते शिकतो. जैववैद्यकशास्त्र. 'लघवी' हा शब्द आला की लोकांची उत्सुकता संपते.

खरं तर मलाही अजून नीटसं माहीत नाही. मेडिकलला थोडक्यात हुकलं. हा अभ्यासक्रम त्याच्या शेजारचं दार वाटला, म्हणून आत शिरलो. पुढच्या वर्षी मेडिकलच्या परीक्षेला पुन्हा बसायचं, असं बाबांशी ठरलं आहे. तोवर इथे.

राहायला आत्याकडे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिची गाडी शिकवायची शाळा आहे. खाली रस्त्याला लागून ऑफिस: एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता. वर दोन खोल्या, त्यात आम्ही. लग्न तिने केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, "जन्म शिकाऊ लोकांच्या शेजारी बसण्यात गेला. घरी परत तेच कशाला?"

१० सप्टेंबर

सबंध दुपार पाणी मोजलं. पिपेटचं, म्हणजे थेंब मोजून ओढायच्या नळीचं, बटण दोन टप्प्यांत दाबलं जातं: पहिल्या टप्प्यावर पाणी ओढायचं, दुसऱ्यावर शेवटचा थेंबही बाहेर काढायचा. मग ते पाणी नाजूक काट्यावर तोलायचं, चूक किती झाली ते लिहायचं, की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या बेंचवरची जोडीदार बुटकी, भराभर चालणारी, स्वतःपेक्षा जड दप्तर वाहणारी मुलगी आहे. मी मनातल्या मनात तिला मुंगी म्हणतो. तिचे सगळे थेंब सारखे आले. माझे पाहून ती म्हणाली, "तू बटणावर रागावला आहेस का?"

रात्री आत्याला सांगितलं. ती हसली नाही. "पहिल्या दिवशी सगळे पेडल असंच दाबतात," म्हणाली. "पायाखाली किडा असल्यासारखं."

२३ सप्टेंबर

आज स्वतःच्या बोटाला सुई टोचून स्वतःचं रक्त पाहिलं. रक्तशास्त्राच्या मॅडम म्हणजे सडपातळ, केस बारीक कापलेल्या, एक वाक्य दोनदा न बोलणाऱ्या बाई. त्यांनी एकदाच करून दाखवलं. काचेच्या पट्टीवर थेंब ठेवायचा, दुसरी काच तिरकी धरून त्याला टेकवायची, थेंब कडेने पसरला की एका दमात पुढे सरकवायची. जोर दिला की बिघडलं, मधे थांबलं की बिघडलं. माझ्या पहिल्या पट्ट्यांवर कुणीतरी मुरंबा सांडल्यासारखं दिसत होतं. शेवटची एक मात्र जमली. जिभेच्या आकाराची, टोकाला इतकी विरळ की आरपार दिसावं.

मग रंग देऊन मायक्रोस्कोपखाली. हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो. फिक्या गुलाबी चकत्यांची गर्दी, आणि त्यात मधूनच एखादी जांभळी, थोराड, स्वतःच्या विचारात असल्यासारखी पेशी. ती माझी होती! एकोणीस वर्षं असल्या पेशी माझ्या आत फिरत होत्या आणि आमची ओळख आज झाली. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या हे मला कळलंच नाही. वर्ग संपून बाकीचे गेले होते. मुंगी थांबली होती, पण तिचं काहीतरी आवरायचं राहिलं असेल.

मेडिकलच्या परीक्षेची पुस्तकं आज उघडली नाहीत. उद्या.

२ ऑक्टोबर

आत्यात बदल झाला आहे. एरवी ती कपड्यांच्या भानगडीत पडत नाही, पण हल्ली गळ्याला हिरवा रेशमी रुमाल बांधते. उकाड्यातसुद्धा. फोन आला की गॅलरीत जाऊन बोलते आणि दार लोटून घेते. दुपारचे शिकाऊ तिने कमी केले आहेत, आणि मी कॉलेजातून येतो तेव्हा ती खाली ऑफिसात खुर्चीत डोळे मिटून बसलेली असते, चेहऱ्यावर कुठेतरी लांबचे भाव.

आणि आज सकाळी वरून पाहिलं, तर ती घड्याळवाल्या काकांच्या गाडीतून कुठेतरी गेली! ऑफिसला लागून घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, ते यांचं. विधुर, अबोल, डोळ्याला ते भिंग लावून बसलेले. त्यांची गाडी त्यांच्या घड्याळांपेक्षा जुनी. आत्या पर्स मांडीवर घेऊन पाहुण्यासारखी बसली होती. वळणावर काकांनी गिअर चुकीचा टाकला, तो आवाज मला वरपर्यंत आला. आत्या एक शब्द बोलली नाही.

हे प्रेमच. दुसरं काही असू शकत नाही.

६ ऑक्टोबर

बाबांना फोनवर सांगितलं. आधी हसले. मग म्हणाले, "ताईने? त्याचा गिअर चुकला आणि ताई गप्प?"

"गप्प."

"मग खरंच काहीतरी आहे," ते म्हणाले. "चांगलं आहे रे. तिला कुणीतरी पाहिजेच होतं. तू काही विचारू नकोस, तिच्या कलाने घे."

मी कसला विचारतोय. मी त्या बाबतीत फार समजूतदार आहे.

१७ ऑक्टोबर

आत्याला माझ्या अभ्यासाची गोडी लागली आहे, आणि याचं थोडं श्रेय मी घेतो. आधी जेवताना ती दिवसभरातल्या शिकाऊंच्या नकला करायची. आता ताट वाढलं की म्हणते, "हं, आज काय?" मी सांगत सुटतो. ती मधेच अडवते, आणि अडवते ते नेमकं. आज पांढऱ्या पेशींवर होतो.

"म्हणजे या पोलीस," ती म्हणाली.

"साधारण. त्यांतल्या काही लगेच धावून जातात, काही चेहरे लक्षात ठेवतात. त्या लक्षात ठेवणाऱ्या म्हणजे लिंफोसाइट."

"आणि पोलीसच जास्त झाले तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे चौकात बघावं तिकडे पोलीस. करतायत काही नाही, नुसते उभे. बाकीच्या रहदारीचं काय?"

ते पुढच्या सत्रात आहे, म्हटलं. आत्या म्हणाली, "आधी वाच ना मग. पुस्तक काही कुलपात नाही." मला बरं वाटलं. घरी बाबांनी 'झाला का अभ्यास' याच्या पुढे काही विचारलं नव्हतं.

३० ऑक्टोबर

पेशी मोजायला शिकलो. एका हाताने काच सरकवायची, दुसऱ्या हाताने खटके दाबायचे. प्रत्येक जातीच्या पेशीचा खटका वेगळा, आणि शंभर झाल्या की यंत्र टुणकन वाजतं. मुंगीचं यंत्र वाजतं तेव्हा माझं निम्म्यावर असतं. पण आज तिने एका ठिकाणी चूक केली होती ती मी पकडली. ती रागवेल असं वाटलं होतं, तर उलट खूश झाली. मुलींचं काही कळत नाही.

मेडिकलची पुस्तकं: एक प्रकरण. झोप आली.

१४ नोव्हेंबर

आज बहार आली! मॅडमनी न सांगता एक पट्टी दिली आणि म्हणाल्या, "बघा. काय वाटतं ते सांगा." पाहतो तर लिंफोसाइटच लिंफोसाइट, सगळ्या एकसारख्या, आणि मधे मधे विरघळल्यासारखे जांभळे डाग. मुंगी म्हणाली, रंग बिघडलाय. मी म्हटलं, नाही, पेशीच इतक्या नाजूक आहेत की काच ओढताना फुटल्या. मॅडम माझ्याकडे बघून "हं," म्हणाल्या. त्यांच्याकडचा हा सर्वांत मोठा पुरस्कार.

तो एक सावकाश चालणारा रक्ताचा कर्करोग निघाला. घरी येताच 'आज बहार आली' म्हणत आत्याला सांगितलं. भात तोंडात होता, थांबवत नव्हतं. "बहुतेक वयस्क माणसांना होतो. पुष्कळदा दुसऱ्याच कशासाठी तरी रक्त तपासतात आणि हा सापडतो. थकवा येतो, मानेला गाठी येतात. तुझं ते पोलिसांचं खरं निघालं बघ! पोलीसच वाढतात आणि बाकीच्यांना जागा उरत नाही."

"औषध?"

"आहेत. पण मुळापासून जात नाही तो. बरा असा होत नाही."

आत्याने चमचा खाली ठेवला. मग विचारलं, "त्या माणसाचं पुढे काय झालं?"

"कुठल्या?"

"ज्याचं रक्त तू पाहिलंस त्याचं."

"ते आम्हाला कुठे कळतं? आम्हाला फक्त काच मिळते."

"मग विचार की," ती एकदम ताडकन म्हणाली. शिकाऊ माणसाने सिग्नल तोडला की बोलते तशी. "एवढं आनंदाने सांगतोयस, तर माणसाचं काय झालं ते विचारून ये." आणि उठून गाडी धुवायला खाली गेली. गाडी कालच धुतली होती.

मला वाईट वाटलं. पण तिचंही बरोबर आहे. याच गोष्टीसाठी मला मेडिकलला जायचं आहे. तिथे माणूस भेटतो.

१६ नोव्हेंबर

मॅडमना विचारलं. आधी त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "कधी कुणी विचारत नाही," म्हणाल्या. मग हात पुसून स्टुलावर बसल्या.

ती काच एका टपाल वाटणाऱ्याची. त्याने स्वतः होऊन दिली, पोरांना शिकायला म्हणून. त्याला बरीच वर्षं झाली. सुरुवातीला नुसतं लक्ष ठेवलं, मधे एकदा औषध घ्यावं लागलं, आता पुन्हा नुसतं लक्ष. "परवाच बाजारात दिसला. टोमॅटोवाल्याशी तावातावाने भांडत होता. मला बघून म्हणाला, माझी काच आहे ना अजून? पोरं नीट बघतात ना?"

मला हसू आलं. मॅडम हसल्या नाहीत. "सगळ्यांचं असं होत नाही. काहींचा वेगाने वाढतो. पण 'बरा होत नाही' आणि 'जगता येत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं बोललास की दुसऱ्याचं काय तेही सांगत जा."

हे सगळं स्वयंपाकाच्या वेळी आत्याला जसंच्या तसं सांगितलं. तिने मला दोनदा विचारलं, "टोमॅटोवरून?"

"टोमॅटोवरून."

"तावातावाने?"

"मॅडम तसंच म्हणाल्या."

आत्या इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. कांदा झोंबला म्हणाली. चिरत बटाटे होती. मग एकाएकी उठून तिने शिरा केला, वाडगा भरून घड्याळवाल्या काकांना देऊन आली आणि बराच वेळ वर आलीच नाही. खालून दोघांच्या हसण्याचे आवाज येत होते. काका हसू शकतात हे मला माहीत नव्हतं.

एका टपालवाल्याच्या गोष्टीने माणूस इतका खूश व्हावा! प्रेमात पडलेल्यांना काहीही पुरतं.

६ डिसेंबर

आज सकाळी जे झालं ते नीट लिहायचं आहे, म्हणून आधी हात स्वच्छ धुऊन, चहा पिऊन बसलो आहे.

आत्या मला रविवारी गाडी शिकवते. आज गाडी मागे घ्यायला शिकवत होती. मी आरशावर भिस्त ठेवली म्हणून ती स्वतः मागे वळली, "असं, अख्खी मान फिरवून बघायचं," असं म्हणत. रुमालाची गाठ सैल झाली आणि तो तिच्या मांडीवर पडला.

जबड्याच्या खाली, मानेच्या बाजूला गाठी होत्या. मोठ्या. मी पुस्तकात असा गळा पाहिला आहे.

माझा पाय हलेना. गाडी आपली मागे जातच होती. आत्याने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला.

"गाडी अशी वाऱ्यावर सोडायची नाही," ती शांतपणे म्हणाली. "बाजूला घे. इंजिन बंद कर. आता बोल."

मी तिच्या गळ्याकडे बोट केलं. तीच बोलली. मी राहायला येण्याआधीच गाठ हाताला लागली होती. आजाराचं नाव ऑक्टोबरात कळलं. मधून मधून इस्पितळात जावं लागायचं. तपासण्यांनंतर स्वतः गाडी चालवण्याचं त्राण नसायचं, म्हणून काका.

"तोच ना?" मी विचारलं. "माझ्या काचेतला?"

"तोच. टपालवाल्याचा."

मग माझा बांध फुटला. मी भात चघळत काय काय बोललो होतो ते एकेक वाक्य आठवायला लागलं. "मला का नाही सांगितलंस? मी तुझ्यासमोर बहार आली म्हणालो!"

"सांगितलं असतं तर तू मला शिकवलं असतंस का? नुसता माझ्या तोंडाकडे बघत बसला असतास." तिने रुमाल उचलून घडी घातली. "डॉक्टरीणबाई भल्या आहेत. पण माझ्याशी बोलताना आवाज मऊ करतात, आणि आवाज मऊ झाला की मला एक अक्षर ऐकू येत नाही. तू तोंडात घास घेऊन बोलायचास. ते सगळं कळायचं मला."

मागून कुणीतरी हॉर्न दिला. आत्याने खिडकी खाली करून त्याला दोन शब्द सुनावले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पूस ते डोळे आणि गाडी काढ. मान फिरवून. अख्खी."

७ डिसेंबर

आत्याने बाबांना स्वतः फोन केला. मी शेजारी बसलो होतो. तिने सगळं सांगितलं. मग बाबांचा आवाज आला, अगदी लहान मुलासारखा: "ताई, मग तो घड्याळवाला?"

"त्याचं काय?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "गाडी नीट चालवतो ना?"

"भयंकर चालवतो," आत्या म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. तिला भावाची काळजी ऐकून भरून आलं असणार.

बाबा शनिवारी येतायत. मी आणि ते किती मूर्ख! आजारी बाईला कुणी शेजारधर्म म्हणून इस्पितळात नेतो, आणि आम्ही त्यात काय काय पाहिलं. काकांच्या समोर जायची लाज वाटते.

२१ डिसेंबर

बाबा येऊन गेले. बाकी मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही झालं नाही. खूप वाचलं, आणि जे वाचायला नको होतं तेच जास्त वाचलं. आत्याला प्रत्येक जेवणानंतर कसं वाटतंय ते विचारलं. शेवटी काल ती म्हणाली, "पुन्हा विचारलंस तर तुझं लायसन्स होऊ देणार नाही."

तिला अजून काहीच औषध नाही. नुसतं लक्ष ठेवायचं म्हणे. घरात आग लागली आहे आणि अग्निशामक दल समोरच्या फुटपाथवर चहा पीत बसलं आहे, असं मला वाटतं. आत्याला तसं म्हटलं. ती म्हणाली, "आग नाही रे ती. आपल्या मागे लागलेला सावकाश ट्रक आहे. आरशात दिसतो. आपण आपल्या वेगाने जायचं, आणि मधून मधून आरसा बघायचा."

१२ जानेवारी

प्रात्यक्षिक परीक्षा. माझ्या समोर जी पट्टी आली तीत तशाच पेशी. ओळखल्या एका क्षणात. पण मोजायला बसलो तर खटका दाबवेना. बोट नुसतं वर. मुंगीचं यंत्र टुणकन वाजलं, मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं.

सगळे गेल्यावर मॅडमनी विचारलं. मी सांगून टाकलं. त्या आवाज मऊ करतील अशी मला भीती वाटली होती. त्यांनी केला नाही.

"गुण मी फुकट देणार नाही. परवा ये, पुन्हा मोज." मग पट्टी उजेडासमोर धरून म्हणाल्या, "या रोज येतात, आणि प्रत्येक कुणाच्या तरी आत्याची असते. हे विसरू नये. आणि हे सारखं डोक्यात ठेवलं तर काम होत नाही. दोन्ही कसं सांभाळायचं ते मला विचारू नकोस, मला अजून जमलेलं नाही."

बाहेर मुंगी पायरीवर बसली होती. इतका वेळ! म्हणाली, तिची छत्री आत राहिली होती. छत्री तिच्या हातात होती.

१४ जानेवारी

मोजल्या. यंत्र टुणकन वाजलं तेव्हा इतकं बरं वाटलं की मी आणखी शंभर मोजल्या. मॅडम "हं," म्हणाल्या.

२ फेब्रुवारी

आत्याला सांगितलं की यंदा मेडिकलची परीक्षा द्यायचीच, डॉक्टर होऊन तुला मीच बरं करीन.

"म्हणजे तू डॉक्टर होईपर्यंत मी आजारी राहायचं?" ती म्हणाली. "फार लांबचा हिशेब लावलास." मग ताट पुढे ओढत, "बरं, ते जाऊ दे. आज काय?"

आज गोठण्यावर होतो. रक्त गोठायला एकामागून एक अशी किती प्रथिनं कामाला लागतात, एक दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, हे सांगता सांगता जेवण गार झालं.

१८ फेब्रुवारी

मुंगीने विचारलं, "मेडिकलचा अर्ज भरलास?" मी म्हटलं, भरायचाय, आहेत अजून दिवस. तिने सांगितलं की मुदत शुक्रवारी संपली. मला पत्ताच नाही! शुक्रवारी दिवसभर मी मॅडमच्या जुन्या पट्ट्या पुसून खोक्यांत लावत होतो, वेळ कसा गेला कळलं नाही.

बाबांना कळवलं, रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "विसरलास? बरं." आणि हसले. हल्ली घरात सगळे विनाकारण हसतात. असो. पुढच्या वर्षी बघू. विसराळूपणा वाईटच.

मुंगी मात्र सगळ्यांत जास्त खूश दिसली. तिला नवीन जोडीदार शोधायचा कंटाळा असेल.

१० मार्च

निकाल आधी लिहितो: आकडे होते तिथेच आहेत. गाठीही वाढलेल्या नाहीत. पुन्हा तीन महिन्यांनी. डॉक्टरीणबाई मऊ आवाजात सांगायला लागल्या तेव्हा आत्या म्हणाली, "मोठ्याने सांगा, माझ्याबरोबर तज्ज्ञ आहे." मला जमिनीने गिळावं असं झालं, पण डॉक्टरीणबाईंनी खरंच कागद माझ्याकडे वळवला आणि आम्ही दोघं त्यावर बोललो. मला बहुतेक सगळं कळलं.

पण लिहायचं होतं ते त्याच्या आधीचं.

आम्ही तिघं गेलो होतो. गाडी मी चालवली, आत्या शेजारी, काका मागे. काकांनी पिशवीतून थर्मास आणला होता, आत्याचा चहा वेगळा, बिनसाखरेचा. तिच्या खुर्चीत घालायला घरून उशी. ती बसताना त्यांनी तिचा चष्मा न मागता पिशवीतून काढून तिच्या हातात दिला. किती सज्जन माणूस! आणि मी काय समजून बसलो होतो.

रक्त घेऊन झालं. निकालाला वेळ होता. आत्या कधी घाबरत नाही, पण ती सारखी हातातली पर्स उघडत होती, मिटत होती. पुढे काय करावं ते काकांनाही सुचेना. ते तिच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले.

मग आत्या म्हणाली, "घेऊन गेले ते. आता ते कुठे असेल?"

"काय?"

"माझं रक्त."

आणि मला एकदम लक्षात आलं की हे मला माहीत आहे.

"जांभळ्या टोपणाची नळी ना? आता खाली पोचली असेल," मी म्हटलं. "आधी तिच्यावरचं नाव कागदाशी ताडून बघतात. मग ती हळूहळू उलटीसुलटी करतात, म्हणजे पेशी तळाशी बसायला नकोत. हलवत नाहीत हं, कलंडवतात. बाळाला झोपवतात तशी. मग यंत्र तिच्यातला एक थेंब ओढून घेतं आणि पेशींना एका बारीक भोकातून एकामागून एक जायला लावतं."

"एकेरी रस्ता," आत्या म्हणाली.

"एकेरी. आणि प्रत्येक गेली की नोंद. यंत्राला काही वेगळं वाटलं की ते निशाण दाखवतं. तुझ्या वेळी दाखवणारच. मग कुणीतरी उठतं, तुझ्या नळीतला एक थेंब काचेवर ठेवतं, दुसरी काच तिरकी टेकवतं आणि एका दमात पुढे नेतं."

"जोर न देता."

"अजिबात न देता. मग काच वाळवायची. रंग द्यायचा. आता तो माणूस स्टूल पुढे ओढून बसला असेल. बघतोय. डाव्या हाताने काच सरकवतोय."

आत्याची पर्स मिटलेलीच राहिली. मी बोलत होतो. आसपासच्या खुर्च्यांवरची कुजबुज केव्हा थांबली ते माझ्या ध्यानात आलं नाही. वर पाहिलं तर समोरच्या रांगेतली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. कडेला एक गवंडी बसला होता, पँटवर चुन्याचे शिंतोडे, कोपराच्या घडीवर कापसाचा बोळा धरून. तो जरा पुढे झुकला.

"दादा, माझी नळी निळ्या टोपणाची होती," तो म्हणाला. "ती पण तिकडेच गेली का?"

"निळी?" मी म्हटलं. "नाही, निळीचा रस्ता वेगळा. रक्त गोठतं कसं ते तपासतात, तिकडचा." आणि उठून त्याच्या शेजारी जाऊन बसलो.